सही द्या जी, राग ठेवून घ्या

"सही द्या जी, राग ठेवून घ्या."

समन्स हातात पडताच संतापलेल्या माणसापुढे तो खिशातले पेन काढी, टोपण सदऱ्याच्या बाहीला पुसी आणि पानाचा विडा द्यावा तसे ते दोन्ही हातांनी पुढे करी. शिव्या देणारा क्षणभर थांबे, पेनाकडे पाही आणि सही करून टाकी. असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. मी मात्र तसा नाही. मी सहीही देत नाही आणि रागही ठेवून घेत नाही. तो नोंदणीकृत डाकेने, पोचपावतीसह पाठवतो.

तो पेनवाला आमच्या तालुका न्यायालयातला बेलिफ, समन्से घरोघर पोचवणारा, आणि मी त्याच न्यायालयाचा नाझर, म्हणजे बेलिफांच्या कामावर देखरेख ठेवणारा कारकून. समन्स बजावून आला की बेलिफाला अहवाल लिहावा लागतो आणि माणूस सापडला नाही तर समन्स खळीने दारावर डकवून दोन पंचांच्या सह्या घ्याव्या लागतात. इतरांचे अहवाल मी तांबड्या शाईने रक्तबंबाळ करीत असे. याचे अहवाल मात्र मी न वाचता सही करी. इतक्या वर्षांत त्यात एक तारीख चुकलेली निघाली नव्हती. ही माझी सवय वाचकांनी ध्यानात ठेवावी.

घाटंजीकडच्या एका गावात एक प्रतिवादी याला पाहून कापसाच्या गंजीत शिरला. हा ओसरीवर बसला आणि घरच्या बाईला म्हणाला, "चहा मांडा जी, मले घाई नाई." थोड्या वेळाने गंजीतून शिंक आली. हा गंजीकडे वळून अदबीने म्हणाला, "बाप्पा! कापसाले सर्दी झाली वाटते." केसांत सरक्या अडकलेला तो मनुष्य बाहेर आला, हसला आणि सही केली. अहवालात याने लिहिले: 'प्रतिवादी कापसात मिळून आले.'

मी निवृत्त झालो त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात त्याने महिन्याची समन्से चार दिवसांत बजावली. झोपत नव्हता. प्रत्येक अहवालाखाली त्याने वाद कसा मिटवावा याचा सल्ला सुवाच्य अक्षरात लिहिला होता, कुठे चार पाने, कुठे सहा. कचेरी हसली. दिवाळीच्या सुमारास तोच माणूस खळीचा डबा मांडीवर घेऊन वकिलांच्या बार रूमच्या पायरीवर बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. तेव्हा कोणी हसले नाही. कोणी काही केलेही नाही.

त्याच्या पत्नीने त्याला यवतमाळला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी सांगितले, हे नैराश्य. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तो उठला आणि महिन्याभरात पुन्हा तीच उन्हाळ्यातली गती, तीच जागरणे. मग नागपूरचे तज्ज्ञ. त्यांनी यवतमाळच्या चिठ्ठीवर पेनाने आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "कोणी दिलं हे? हा चढउताराचा आजार आहे, औषध वेगळं लागतं, आणि दीर्घकाळ लागतं." पुन्हा यवतमाळला दाखवले, तर तिथे नागपूरच्या चिठ्ठीवर रेघ. पांढरकवड्याला एक समुपदेशक होते. ते म्हणाले, आजार नाहीच. कामाचा ताण आहे, धाकटा भाऊ गेल्याचे दुःख आत दाबले आहे, इतक्या गोळ्या कशाला?

तिघांपैकी एकानेही दुसऱ्याला फोन केला नाही. एकानेही दुसऱ्यासाठी एक ओळ लिहिली नाही. रेघ मारायला मात्र दोघांच्याही पेनांत शाई होती. विद्वानांत मतभेद असावेत, माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप असा की मतभेद तज्ज्ञांचा आणि त्याचे ओझे वाहणार रोगी, तेही एसटीने, मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन.

आजारपणाच्या रजेनंतर कचेरीने त्याला कामावर घेतले नाही. 'सक्षमतेबाबत एकच निर्विवाद प्रमाणपत्र सादर करावे,' असे पत्र आले. एक म्हणे आज रुजू व्हा, दुसरे म्हणे सहा महिने थांबा, तिसरे म्हणे हा औषधाचा प्रश्नच नव्हे. त्याला काय हवे होते? खळीचा डबा, मोटारसायकल आणि गावे. एवढेच.

एका दुपारी तो माझ्या पडवीत आला. मी कुणाचा तरी अर्ज लिहीत होतो आणि नेहमीप्रमाणे रागात होतो.

"साहेब, एक विचारू का? तीन साक्षीदार तीन गोष्टी सांगतात, तं कोर्ट कोणाचं मानते जी?"

"कोणाचंच नाही," मी मान वर न करता म्हणालो. "साक्षी परस्परविरुद्ध असल्या की संशयाचा फायदा आरोपीला."

"म्हणजे आरोपी सुटला?"

"निर्दोष सुटला."

त्याचा चेहरा उजळला. तो कसा उजळला हे मला आजही लिहिता येत नाही. दोन दिवसांनी तो एक कागद घेऊन आला, पेनाचे टोपण बाहीला पुसले आणि म्हणाला, "पंच म्हणून सही द्या जी." मी सही केली. तीस वर्षे जशी केली तशीच. न वाचता.

पंधरा दिवसांनी वहिनी, म्हणजे त्याची पत्नी, दारात उभी राहिली. हातात तोच कागद. त्यात लिहिले होते: 'तज्ज्ञांच्या साक्षी परस्परविरुद्ध असल्याने आरोपी निर्दोष सुटला. सबब सदर गोळ्या बजावणी न होता परत.' खाली दोन पंच. एक चौकातला चहावाला, दुसरा मी. याने तीन पाकिटे करून उरलेल्या गोळ्या यवतमाळला आणि नागपूरला स्वतः जाऊन परत केल्या होत्या. तिसरे पाकीट रिकामे होते, कारण समुपदेशकांनी गोळ्या दिल्याच नव्हत्या. तरी बजावणी अपुरी राहू नये म्हणून तेही नेऊन दिले होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "ते तं बिमार हायेत. तुमी काहून सही केली?"

मी त्या कागदावरची माझी सही पुन्हा पाहिली.

"काल सकाळपासून घरी नाई," ती म्हणाली. "गाडी घेऊन गेलते."

तो पांढरकवड्याच्या हमरस्त्यावर सापडला. कोऱ्या कागदांवर समन्से लिहून भर उन्हात ट्रक थांबवत होता आणि प्रत्येक चालकापुढे पेन धरत होता. किती जणांनी भोंगे वाजवत चाकांची माती उडवली असेल, कोण जाणे. एका चालकाने मात्र गाडी बाजूला घेतली, याच्या समन्सावर सही केली, याला ढाब्याच्या सावलीत बसवून पाणी पाजले आणि पिशवीतल्या दवाखान्याच्या कागदांवरचा वहिनींचा नंबर लावला. आम्ही पोहोचलो तेव्हा तो चालक मला म्हणाला, "चाचा, इतने कागज हैं इनके पास. पढ़ता कौन है?" मी कायद्याची पुस्तके बाळगणारा माणूस. त्या प्रश्नापुढे मी मान खाली घातली.

त्यानंतर मी तिन्ही तज्ज्ञांना पत्रे लिहिली. कोण बरोबर आणि कोण चूक हे मला कळवू नये, अशी मी लेखी विनंती केली. फक्त तुमचे ज्या गोष्टींवर एकमत आहे, तेवढे एका कागदावर रोग्याला द्यावे. एका ठिकाणाहून गोपनीयतेचे उत्तर आले. दुसऱ्या ठिकाणाहून 'रुग्णास घेऊन यावे' असे. तिसऱ्याकडून पोचपावती तेवढी आली. कचेरीलाही लिहिले की सेवेत असताना कोणास अपंगत्व आले, मानसिक आजाराचेही, तर त्याला काढता येत नाही, पर्यायी काम द्यावे लागते. कायदा तसाच आहे. कचेरीचे उत्तर आले नाही. त्याऐवजी कचेरीतून एक शिपाई त्याच्या घरी गेला. सोबत टंकलिखित तयार अर्ज होता: स्वेच्छानिवृत्तीचा. आमच्या बेलिफाने पेन काढले, टोपण पुसले आणि सही केली.

"का केलीस?" मी ओरडलो.

"कागद बरोबर आला होता जी. तारीख होती, जावक क्रमांक होता. मी जन्मभर लोकायले म्हटलं, सही द्या. मंग मी कसा नाई म्हणू?"

आता जे सांगतो त्याने मला सर्वांत जास्त संताप येतो. त्यानंतर तीन आठवड्यांनी, खोकला झाला म्हणून तो आमच्या गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाई मनाच्या तज्ज्ञ नव्हेत, साध्या डॉक्टर. त्यांनी त्याची पिशवी टेबलावर उपडी केली आणि कागद तारखेप्रमाणे लावले. मी समोर होतो. तारखेप्रमाणे! हे काम मला येत होते, आयुष्यभर मी तेच केले, आणि मला सुचले नव्हते. मग त्यांनी आमच्या देखत यवतमाळला फोन लावला, मग नागपूरला, मग पुन्हा यवतमाळला. आजाराच्या नावावर दोघे भांडले. पण कोणती गोळी पुन्हा सुरू करायची, रक्ताची तपासणी केव्हा करायची, झोप कमी झाली की कोणाला कळवायचे आणि विचारल्याशिवाय काहीही बंद करायचे नाही, यावर दोघांचे एकमत निघाले. भावाच्या दुःखाबद्दल बोलायला महिन्यातून एकदा समुपदेशकांकडे जावे, यालाही दोघांची हरकत नव्हती. बाईंनी हे सगळे एका पानावर लिहिले.

"नावाचं भांडण त्यांचं त्यांना करू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही गोळी वेळेवर घ्या."

वीस मिनिटे लागली. दोन वर्षांत जी कुणाला मिळाली नाहीत, ती वीस मिनिटे.

मी चौदा पानांचे अपील तयार केले: निवृत्ती दबावाखाली घेतली, ती रद्द करावी, कामावर घ्यावे. त्याने पडवीत बसून सगळी पाने वाचली. सावकाश, शेवटपर्यंत. मग कागद नीट जुळवून माझ्याकडे परत केले.

"लय चांगलं लिहिलं साहेब. पण याच्यात सारा राग तुमचा हाये. याच्यावर माही सही कशी येईन?"

"तुला काम परत नको?"

"पाह्यजे तं होतं जी." तो रस्त्याकडे पाहत राहिला. तिथून एसटी गेली, तिची धूळ खाली बसली. "पण आता तारखांमागं फिरलो तं झोप जाईन. झोप गेली तं मी जाईन. बाईनं लिहून देल्लं हाये."

मी चौदा पाने उचलून खणात ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने मला घरी बोलावले. स्वयंपाकघरात वहिनींनी खळ शिजवली होती. बाईंचे ते पान त्याने कपाटाच्या दारावर डकवले, कोपरे अंगठ्याने दाबले, जसे हजार दारांवर दाबले असतील तसे. खाली त्याच्या सुवाच्य अक्षरात ओळ होती: 'बजावले. मला समजले.' आणि दोन पंचांच्या जागा. एकीवर वहिनींची सही झाली होती. त्याने पेन काढले, टोपण बाहीला पुसले, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले आणि लगेच किंचित मागे घेतले.

"साहेब, या वक्ती वाचून द्या जी."

मी चष्मा लावला. तीनदा वाचले. मग सही केली.

पुढच्या महिन्यात दोघे वणीकडे मुलीच्या गावी राहायला गेले. जाताना कपाटही टेम्पोत चढवले, दारावरच्या कागदासकट. तो आता माझ्या पडवीसमोरच्या रस्त्याला दिसत नाही. अपील माझ्या खणात आहे, चौदाही पाने, तारखेप्रमाणे लावलेली. सहीची जागा कोरी आहे. राग मी ठेवून घेतला आहे.