घरचं मेन

आई गेली आणि बाबा सौंसरजवळच्या वावरातल्या घरात एकटे पडले, म्हणून मी नागपूरहून लॅपटॉप घेऊन आली. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली, पण शुक्रवारपर्यंत त्यांचं सगळं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपच्या लिनक्सवर चालू करून दाखवायचं. नाही जमलं तर सोमवारी नागपूरच्या ऑफिसात हजर. बाबांना हे सांगितलं. ते "हाव" म्हणाले आणि संत्र्याच्या बागेत गेले.

सगळं बसलं, एकच पॅकेज बसेना. ते होतं मोठं, आणि आमचं वायफाय त्याच्या मर्जीनं चालते. सकाळी डाउनलोडची कमांड द्यायची, स्वयंपाकाला जायची, येऊन पाहायची तर लाल अक्षरं. कनेक्शन तुटलं, पुन्हा शून्यापासून. मी सर्व्हर बदलले. जुन्या फाइली उडवल्या. इंटरनेटवर कुण्या शहाण्याने लिहिलं होतं की सिस्टिमच नवी टाका, तर तीही टाकली. पोळ्या मात्र रोज जळल्या.

गुरुवारी चिडून मी स्क्रीनसमोरच ठाण मांडलं. डाउनलोड निम्म्यावर आलं आणि पंखा थांबला, वायफायचा डबा विझला. मिनिटभरात दोन्ही परत सुरू. बाहेर विहिरीवरची मोटर घरघरून राहिली होती. ओसरीत बाबा मेन स्विचजवळ उभे.

"बाबा, मेन तुम्ही पाडलं?"

"हाव. घरचं पाडल्याबिगर मोटर उचलत नाही ना, होल्टेज पुरत नाही."

"रोज पाडता?"

"मोटरची थ्री फेज लाइन दिवसातून एकदाच येते, आली का पाडतो. सारेच पाडतात. काऊन?"

रोज! आणि मी चार दिवस परदेशातल्या सर्व्हरला शिव्या देऊन राहिली होती. "तुमच्यापायी सोमवारी मले नागपूरले जा लागते!" मी ओरडली. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि ते गोठ्याकडे गेले. मला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागायची आमच्या घरात कोणालाच सवय नाही.

शुक्रवारी पॅकेज एका दमात बसलं. कंपनीला कळवलं आणि मी बाहेर धावली. बाबा मोटरच्या पेटीजवळ उकिडवे बसले होते. चैताचं ऊन, आणि पाण्याचा पाट कोरडा ठक्क.

"मोटर नाही लावली?"

"तुहं झालं का?"

"झालं."

"मंग लावतो." त्यांनी हिरवं बटण दाबलं. मोटर हलली नाही. थ्री फेज येऊन निघूनही गेली होती, आता थेट उद्या.

"मले आवाज तरी द्यायचा ना, बाबा!" मला रडूच आलं.

"मोटर लावली असती आन् तुहं पुन्हा तुटलं असतं, तर सोमवारी तू गेली असती," बाबा म्हणाले.

नवी लावलेली संत्र्याची झाडं माना टाकून होती. बाबांनी विहिरीतून बादली शेंदली, दुसरी मी उचलली. कंपनीच्या पहिल्याच मीटिंगला मला अर्धा तास उशीर झाला. कारण विचारलं, तर लाइट गेली होती म्हणून सांगितलं.