चौथ्या फोनवरचा प्रश्न

आधीच सांगतो – मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. अंगात येणं, कौल लावणं, उतारे... यांच्याविरुद्धची पत्रकं मी स्वतः लिहून रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर वाटली आहेत. ग्राहकांच्या हक्कांसाठीही भांडत असतो. तेव्हा गूढ अनुभवांच्या या सदरात माझं नाव बघून मित्र हसतील. हसू देत.

गेल्या मार्चमधली गोष्ट. मंगळवार, सकाळचे अकरा, मांडवीत आमच्या शेजारच्या सुदेशदादाचं घर. दादा बोटीवर फिटर. आठ महिने घरी बसल्यावर नवीन बोट मिळाली, ती पकडायला परदेशात उतरला – आणि विमानतळावरच त्याचं प्रवासाचं प्रीपेड कार्ड ब्लॉक! एजंटची गाडी आलेली नाही, कार्ड चालल्याशिवाय टॅक्सीवाला हलेना, बोट संध्याकाळी सुटणार. चुकली तर नोकरी गेली.

आपल्याकडचे सगळे खलाशी करतात तेच त्यानेही केलं होतं. समुद्रात फोन लागत नाही म्हणून कार्डाला नंबर बायकोचा. म्हणजे कार्ड उघडायचं तर शर्वरीवहिनीच्याच फोनवरून.

"मंदार, तूच बोल रे बाबा. मला नाही जमत त्यांच्याशी."

तीन फोन केले. तिन्ही वेळा तेच पाठ केलेलं – आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, सात कामाचे दिवस लागतील. सात दिवस! बोट म्हणजे काय नाक्यावरची रिक्षा आहे थांबायला? मी अक्षरशः ओरडलो. फोन कट.

चौथ्यांदा एक बाई बोलली. शांत आवाज, आणि हेल चक्क आपल्याकडचे.

"दादा, ओरडू नका. ताईंना द्या. फोन ठेवू नका, मीही ठेवत नाही."

खरंच ठेवला नाही. होल्ड नाही, मधलं ते भिकार संगीत नाही. जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला. मग –

"ताई, घरातून निघताना साहेब तुम्हाला काय म्हणाले?"

मी चाटच पडलो. हा कसला प्रश्न?

"येतो म्हणाले," वहिनी घाईघाईत म्हणाली.

"उत्तर चुकलंय, ताई. नीट सांगा."

फोन स्पीकरवर होता. वहिनीने माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली. "काहीच नाही बोलले. मी जवळ्याची चटणी बॅगेत भरली होती. वास मारील म्हणून ह्यांनी काढून बाहेर ठेवलीन. त्यावरून भांडलो... तसेच रिक्षात जाऊन बसले."

"बरोबर. कार्ड सुरू केलंय. आता त्यांच्याशी बोला, ताई."

पाच मिनिटांत दादाचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल. कार्ड चाललं होतं, टॅक्सीत सामान चढत होतं. "अगो, चटणी ठेवलीस की संपवलीस?"

"मांजरीला घातली!" वहिनी रडत रडत म्हणाली.

दादाला बोट मिळाली. मी त्या बाईला मानलं! अशा कंपन्यांवर मी आजवर फक्त आग ओकलोय, पण त्या रात्री आयुष्यातलं पहिलं कौतुकपत्र लिहिलं, त्या प्रश्नासकट. तुमच्याकडे एक तरी माणूस माणसासारखा ऐकतो, त्या बाईंचं नाव कळवा, असं.

उत्तर आलं. तीन फोनची नोंद आहे, चौथा फोन आमच्याकडे आलेलाच नाही. कार्ड मात्र त्याच दिवशी उघडलंय. शेरा – 'ओळख पटली'. कोणी उघडलं, तो रकाना कोरा. आणि असा कुठलाही प्रश्न आमच्या यादीत नाही.

वहिनीच्या फोनमध्ये चौथा कॉल आजही दिसतो, कंपनीच्याच नंबरला लावलेला. एकोणीस मिनिटं. आवाजावरून खोटं ओळखलं असेल, असं मी स्वतःला समजावून बघितलं... पण मग नोंद कुठे गेली? भांडणाबद्दल दादा कुणाला बोलला नव्हता, वहिनी तर नाहीच नाही. म्हणून पत्रकं वाटणारा मी आज हे या सदराला लिहून पाठवतोय.

कंपनीने पत्रासोबत एक फॉर्म जोडला होता. नियमबाह्य पडताळणीबद्दल तक्रार असल्यास भरून द्या, संबंधितांवर कारवाई करू. असले फॉर्म मी डोळे मिटून भरतो. या वेळी पेन घेतलं आणि लिहिलं – 'तक्रार नाही. त्या बाई जिथे कुठे असतील, तिथे त्यांना कामावरून काढू नका.'