टमाटर आलेच नाहीत

माझी आई तळेगावच्या आठवडी बाजारात भाजी विकते, आमच्याच वावरातली. "वांगे-मिरची-मेथी-पालक-सांबार-मुळा-गवार-टमाटर घ्या वो बाईऽऽ" ही तिची आरोळी. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. सगळी आरोळी एका दमात. मधे श्वास घेतला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानावर जातं, असं तिचं मत. लहानपणी मला त्या आरोळीची भयंकर लाज वाटायची. मैत्रिणी सोबत असल्या की मी मागच्या गल्लीने जायची. आता आर्वीच्या शाळेत शिकवते आणि अख्ख्या वर्गाला एका हाकेत गप्प करते. ते कुठून आलं, सांगायला नको.

मागच्या हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी बाजारात गेले, तर आरोळी पालकापाशीच तुटली. आईने श्वास घेतला, सांबार-मुळा म्हटलं आणि पुन्हा थांबली. गवार-टमाटर आलेच नाहीत.

"काय झालं व?" मी विचारलं.

"मले काय होते? मिरचीचा ठसका लागला."

खोकला चार दिवसांचा आहे, हे शेजारी बसणाऱ्या लसूणवाल्या मावशीकडून कळलं. मावशीने ओव्याचा शेक दिला होता, वर स्वतःच्या खोकल्याची उरलेली बाटलीही. मी आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही, म्हणजे काही नाही, असं ठरवून मी चक्क निश्चिंत झाले. मास्तरणीचं वैद्यकशास्त्र! तेवढ्यात एका बाईने मेथी मागितली आणि आईने पालकाची जुडी दिली, वर "मेथीच हाय" म्हणून हट्टही धरला. हे जन्मात झालं नव्हतं. माझं धाबंच दणाणलं. दुकान मावशीवर सोपवून मी आईला आर्वीला दवाखान्यात नेलं. भाजी सुकेल म्हणून ती वाटभर कुरकुरत होती, तीही तुटक-तुटक.

डॉक्टरीणबाईंनी तिला काही न सांगता घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर तिची छाती पाहिली. श्वास तीसच्या वर होते. बोटाला लावलेल्या चिमट्यात ऑक्सिजन कमी दिसला आणि फोटोत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरा डाग.

"न्यूमोनिया आहे. या वयात ताप येईलच असं नाही. दम लागतो, बोलण्यात घोळ होतो. तुमच्या कसं लक्षात आलं?"

"टमाटर आले नाहीत," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. आई मरेल, असं तेव्हा मला खरंच वाटलं होतं.

मग भरती, ऑक्सिजन, इंजेक्शनं. तिसऱ्या दिवशी तिने दवाखान्याच्या वरणात सांबार नसल्याची तक्रार केली, तेव्हा कुठे मी पोटभर जेवले.

घरी आल्यावर दोनच दिवसांत बाईसाहेबांनी गोळ्यांची पट्टी बाजूला काढून ठेवली.

"मले बरं वाटून राह्यलं. अर्ध्या लसूणवालीले देतो, तिलेबी खोकला हाय."

"बरं वाटलं तरी सगळ्या संपवायच्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही का?" मी अशी कडाडले, की शेजारचे लोक दारात आले. पट्टी संपेपर्यंत रोज ती गोळी गिळल्याशिवाय मी समोरून हलले नाही. मावशीला मात्र तपासून घ्यायला पाठवलं.

काही आठवड्यांनी आई पुन्हा बाजारात बसली. मी मागे उभी राहून कान टवकारले. वांगे-मिरची-मेथी-पालक... आणि ती थांबली. मी पाऊल पुढे टाकलं.

"ओ बाई, टमाटर दाबून काऊन पाहून राह्यली, घ्याचे असन तं घे नाई तं ठेव, कणीक व्हय का ते मळाले!"

एका दमात! ते बोलणं आरोळीहूनही लांब होतं. मला इतका आनंद झाला, की अख्खी आरोळी मीच भर बाजारात ठोकली, आयुष्यात पहिल्यांदा. टमाटरांपर्यंत पोचता पोचता मलाच धाप लागली.

आईने वळून माझ्याकडे पाहिलं. "काऊन व? तुले नेऊ का आता दवाखान्यात?"