एका शनिवारचे दोन कांझू

एरिया लवान्यागा सोमवार ते शुक्रवार न्सांगीच्या चौकात रेडिओ दुरुस्त करायचा आणि शनिवारी बोलायचा. रेडिओ दुरुस्त झाल्याची उदाहरणं फार नव्हती. पण बोलण्यात आपला हात धरणारा अख्ख्या मासाका रस्त्यावर कुणी नाही, असं खुद्द त्याचंच मत होतं.

त्याचं बोलणं म्हणजे क्वांजुलातलं. मुलगा आपली माणसं घेऊन मुलीच्या दारी ओळख द्यायला येतो, पण त्या दिवशी त्यानं तोंड उघडायचं नसतं आणि त्याच्या बापानंही नाही. दोन्ही बाजूंनी एकेक बोलणारा ठरवलेला असतो. मुलीकडचा विचारतो, तुम्ही कोण, कुठले, उशीर का केला, भरा दंड. मुलाकडचा नमतं घेत, कोपरखळ्या मारत, बापआजोबांची नावं घेत मुलगी मिळवतो. चर्चमधलं लग्न लोक महिन्याभरात विसरतात. कुणी कुणाला कसं गप्प केलं, ते मात्र वर्षभर पुरतं.

घोटाळा झाला तो मंगळवारी उघडकीला आला. सोमवारी मोटारसायकलवाल्यानं एक नवा पांढरा पायघोळ कांझू आणून दिला, गळ्यापाशी मरून नक्षी असलेला. मंगळवारी दुसरा आला, निळ्या नक्षीचा.

"बघितलंस?" लवान्यागा बायकोला म्हणाला. "एका दिवसाला दोन पोशाख. जेवणाआधी एक आणि जेवणानंतर एक. मानमरातब म्हणतात तो हा."

नान्तुमे शेंगा सोलत होती. "पहिला नाकिबुले आत्याबाईंनी पाठवलाय, मुलीच्या आत्यानं. दुसरा कुणी?"

"काय ते नाव… कायोन्डो."

"तो कोण मुलीचा?"

लवान्यागानं वही काढली. फेब्रुवारीत आत्याबाईंचा फोन आला होता: शनिवार, म्पिगी, मुलीकडचं म्हणजे कियिंगींचं घर. त्यानं लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी कायोन्डोचा फोन आला: शनिवारचं म्पिगीचं, कियिंगींच्या घरचं, तुम्हीच बोलायचं. त्यानं वही बघितली, तर लिहिलेलंच होतं. "लिहिलंय सेबो, लिहिलंय," तो अदबीनं म्हणाला होता, आणि हे लोक एकच गोष्ट किती वेळा विचारतात म्हणून जरा वैतागलाही होता. कायोन्डोनं मग मुलाच्या चार पिढ्यांची नावं आणि हकिगती सांगितल्या, त्या वहीत उतरवताना तर त्याला कौतुकच वाटलं. मुलीकडची माणसं किती पोचलेली, समोरच्यांची माहिती आधीच काढून देतात.

त्यानं कायोन्डोला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "बरं झालं फोन केलात. फाटकाबाहेर जास्त वेळ उभं राहायला लागणार नाही असं बघा. आमची आई थकलीय, आणि धाकट्याला तर आत्तापासूनच घाम फुटलाय."

फोन ठेवून लवान्यागा खाली बसला. कायोन्डो मुलाचा थोरला भाऊ होता.

"म्हणजे मी फाटकाच्या आत पण आहे आणि बाहेर पण आहे," तो म्हणाला.

"दोन्ही करा मग," नान्तुमे म्हणाली.

तिनं थट्टेनं म्हटलं होतं, पण त्यानं खरंच करून पाहिलं. अंगणातल्या केळीच्या या बाजूला उभं राहून दरडावलं, त्या बाजूला जाऊन विनवलं. पाच मिनिटांत धाप लागली आणि कोंबड्या शेजाऱ्यांकडे निघून गेल्या.

"कोण जिंकलं?" तिनं विचारलं.

"आजारी पडतो. नाहीतर सांगतो, मामा वारले."

"मामा गेल्या वर्षी दोनदा वारले. त्यांना जरा विश्रांती द्या." तिनं शेंगांची टोपली बाजूला ठेवली. "आधी कुणी सांगितलं?"

"आत्याबाईंनी."

"मग त्यांचं बोला. आणि दुसऱ्यांना तोंड दाखवून सांगा, फोनवर नाही. चार दिवस आहेत तोवर सांगा. शनिवारी सकाळी कळलं तर त्या पोरानं काय करायचं?"

बुधवारी तो निळ्या नक्षीचा कांझू काखेत मारून नटेटेला कायोन्डोच्या गाद्यांच्या दुकानात गेला. बोलायचा धंदा असून सगळं सांगायला त्याला तीन वाक्यंच पुरली. कायोन्डो एका गादीवर बसला.

"मी सगळ्यांना सांगून बसलोय, आमचा बोलणारा लवान्यागा आहे म्हणून. आता तोच तिकडून आम्हाला सोलणार?"

"चूक माझी आहे, सेबो. पण रिकाम्या हातानं नाही आलो. माणूस देतो."

"कोण?"

लवान्यागानं घसा साफ केला. "किटाका."

"तो? अहो, तुम्हीच तर भर मांडवात म्हणाला होतात, की तो बोलायला लागला की आहेरातला बोकड दावं तोडून पळतो."

"म्हणालो होतो," लवान्यागा म्हणाला. "पण माणूस वेळेवर येतो. आणि त्याला एकदा सांगितलं तर दोन फोन लागत नाहीत."

किटाकाच्या घरी जाणं जास्त अवघड होतं. अकरा वर्षं दोघं एकमेकांच्या नावावर हशा मिळवत आले होते. लवान्यागानं फाटकाशी उभं राहून हाक मारली. किटाका ओट्यावरच खुर्ची टाकून बसला होता, पण जागचा हलला नाही.

"कोण आलंय? आम्ही कुणाला बोलावलेलं नाही."

"किटाका, मी आहे."

"'मी' नावाचं कूळ आमच्या ऐकण्यात नाही."

फाटक उघडायला पाऊण तास लागला. लवान्यागाला आपलं नाव, बापाचं नाव, कुळाचं नाव, इतक्या उशिरा येण्याचं कारण आणि किटाका आपल्यापेक्षा चांगला बोलतो अशी कबुली, हे सगळं भर रस्त्यात, मोठ्यानं सांगावं लागलं. शेजाऱ्यांनी बसायला बाकडी आणली. कबुली नीट ऐकू आली नाही म्हणून पुन्हा मागण्यात आली.

"बरं," किटाका शेवटी म्हणाला. "काम घेतो. त्या पोरासाठी, तुझ्यासाठी नाही. कागद आण."

लवान्यागानं चार पिढ्यांची नावं वहीतून उतरवून दिली, कोणत्या आजोबांनी काय केलं तेही लिहिलं, आणि कायोन्डोनं नव्या बोलणाऱ्यासाठी परत दिलेला निळ्या नक्षीचा कांझू दिला. किटाका त्याच्याहून वीतभर उंच होता. शनिवारी मुलाकडची मंडळी म्पिगीला रांगेत उभी राहिली, तेव्हा त्यांच्या बोलणाऱ्याच्या पोटऱ्या उघड्या होत्या.

पण किटाका बोलला छान. लवान्यागानं त्यांना फाटकात अडवलं, पण म्हातारीला आधी खुर्ची पाठवून. मांडव हसत होता. मग पिढ्या सांगायची वेळ आली. किटाकानं मुलाचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं आणि आजोबांपाशी येऊन कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. लवान्यागाचं अक्षर त्याच्या रेडिओंसारखंच होतं.

पुढच्या रांगेतल्यांनी माना लांब केल्या. ज्याला आजोबा सांगता येत नाहीत त्याला मुलगी कोण देणार. मुलाकडचं कुणी मागून पुटपुटलं असतं तर दंड होता. मुलानं मान खाली घातली. कायोन्डो किटाकाकडे बघत नव्हता, लवान्यागाकडे बघत होता.

मुलीकडचा बोलणारा अशा क्षणासाठीच जगतो. लवान्यागा उठला, कांझू झटकला.

"कळलं आम्हाला, सेबो, का अडखळलात ते," तो म्हणाला. "आजोबांचं नाव घ्यायची लाज वाटतेय. आमच्या दलदलीत मासे पकडायला येऊन जाळं विसरून गेलेला तो सेमेई किबिरांगो तुमचाच, हे कबूल करायला नको. जाळं अजून आमच्याकडे आहे. न्यायला आलात का?"

किटाकानं कागद घडी करून खिशात घातला. "सेमेई किबिरांगोच," तो म्हणाला. "जाळं विसरले नव्हते ते. पसरून गेले होते. आज नातू बघायला आलाय, काय अडकलंय ते."

लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. बायकांनी जीभ हलवत आरोळ्या ठोकल्या. थकलेली म्हातारी खुर्चीतून उठून दोन पावलं नाचली.

जेवणाच्या वेळी नाकिबुले आत्याबाई लवान्यागाच्या शेजारी येऊन बसल्या. केळीच्या पानातली कोंबडी त्यांनी स्वतः त्याच्या ताटात सोडली आणि त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"लवान्यागा, मी मघापासून हिशोब लावतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही आज नक्की कुणाकडून बोललात?"

लवान्यागानं गळ्याजवळची मरून नक्षी त्यांना दाखवली.

"ते दिसतंय," आत्याबाई म्हणाल्या. "त्या उघड्या पोटऱ्यावाल्याचा कांझू कुणाच्या मापाचा आहे, तेही दिसतंय. खा आता. आणि ती वही माझ्याकडे पाठवून द्या, पुढच्या तारखा मी लिहीन."