बातमीतला संबंधित इसम

निम्म्या गावाला गाडी शिकवणाऱ्या माणसाला गावाने खरं तर सर म्हणायला हवं. पण मास्तरांना सगळे म्हणतात ब्रेकमास्तर, आणि याला जबाबदार त्यांचा उजवा पाय. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा धीर सुटला तर शिकवणाऱ्याने तो दाबायचा. मास्तरांच्या गाडीत धीर आधी मास्तरांचा सुटतो. वर्षानुवर्षं दाबून दाबून त्या पायाला अशी खोड लागली की बसमध्ये बसले तरी तो खाली जातो आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसले तरी जातो. लग्नाच्या फोटोतही पाय दाबलेलाच आहे, फक्त तेव्हा त्याचा काही उपयोग झाला नाही, असं मास्तर स्वतःच सांगतात. बायको जवळपास नसेल तर जरा मोठ्याने सांगतात.

तर या मास्तरांच्या मागे गेल्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रवाले लागले. म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी लागली.

सुटीत सार्वजनिक वाचनालयाने कुटुंबांसाठी कार्यक्रम काढला होता. दर शनिवारी दुपारी वाचनकक्षातल्या लांब टेबलाभोवती घरंच्या घरं बसायची, ताज्या बातम्या मोठ्याने वाचायची, आणि ग्रंथपालबाई बातमी कशी लिहितात ते समजावून द्यायच्या. मग आठवडाभरात प्रत्येक घराने आपल्या घरची एक बातमी लिहून आणायची आणि ती दोरीला चिमट्याने लटकवायची. पाचवीतल्या मुलीने घराचं नाव परस्पर नोंदवलं. वाचनकक्षात पंखा मोठा आहे, डुलकी छान लागेल, एवढ्या एकाच वाङ्मयीन ओढीने मास्तर पहिल्या शनिवारी गेले.

ग्रंथपालबाईंनी नियम सांगितले तेव्हा ते अर्धे झोपेत होते. बातमी खरी हवी, तीत विशेषणं नकोत, आणि ज्याच्याबद्दल ती आहे त्याची बाजू विचारल्याशिवाय दोरीवर चढवायची नाही. मुलीने तीनही नियम मनावर घेतले. शाळेतली एकही गोष्ट तिने कधी इतकी मनावर घेतली नव्हती.

पुढच्या शनिवारी दोरीवर कागद झळकला. ‘येथील एका वाहन-प्रशिक्षकाने मंगळवारी सकाळी राहत्या घराच्या आवारात गाडी मागे घेत असताना बादलीस धडक दिली. बादली जागीच चेपली. इसमास इजा झालेली नाही. बादली वाटेत कोणी ठेवली हे आधी बघा, असे संबंधित इसमाने सांगितले. बादली त्यांनीच ठेवली होती असे विश्वसनीय सूत्रांकडून समजते.’

वाचनकक्षात रोज सकाळी येणारे निवृत्त लोक जगातल्या लढाया आणि निवडणुका टेबलावर तशाच टाकून दोरीखाली गोळा झाले. सोमवारी गाडीत बसल्या बसल्या एका शिकाऊ बाईने बादलीची तब्येत आता कशी आहे, अशी काळजीने चौकशी केली. मास्तर तक्रार घेऊन ग्रंथपालबाईंकडे गेले, तर बाई चष्मा पुसत म्हणाल्या, मूळ मजकुरात इसमाला तीन विशेषणं होती, ती मी कापली, माझे आभार माना.

मग मास्तरांनी वृत्तपत्र हाताळण्याचे जगन्मान्य उपाय करून पाहिले. बुधवारी संपादकांना, म्हणजे मुलीला, आइस्क्रीम खायला नेलं. शनिवारी दोरीवर आलं, ‘इसमाने संपादकांना आइस्क्रीमचे आमिष दाखवले. संपादकांनी आइस्क्रीम खाल्ले. बातमीवर परिणाम झालेला नाही.’ नंतर त्यांनी मौन धरलं. त्याचीही बातमी झाली: ‘संबंधितांशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता ते कोचावर तोंड उघडे टाकून झोपलेले आढळले.’ घरातल्या गोष्टी फोडणारं सूत्र कोण, हे शोधायला फार डोकं लागत नव्हतं. घरात चौघंच. बायको, मुलगी, मास्तर आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेले सासरे, जे रोज सकाळी वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर हजर असायचे. मास्तरांनी त्यांना एकदा सरळच विचारलं. सासरे म्हणाले, जन्मभर दुसऱ्यांची पत्रं न वाचता पोचवली, आता जरा मोकळं वाटतंय.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मुलीने पुढचा विषय निवडला तो आईचा.

मास्तरांची बायको दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. आत जायला घाबरणाऱ्या माणसांना गोड बोलून आत पाठवणं हे तिचं काम. महिनाअखेर दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला हलणार होता. बसने जायचं तर दोन बस आणि मधे उन्हात पायपीट. गाडी चालवायचा परवाना तिच्याकडे पहिल्यापासून होता, पण त्याचा उपयोग ओळखपत्र म्हणूनच व्हायचा. घराशेजारी पत्र्याखाली मास्तरांची जुनी पांढरी गाडी उभी होती. मास्तरांच्या ड्रायव्हिंग शाळेतून निवृत्त झालेली, पण दोन्ही बाजूंचे ब्रेक शाबूत असलेली. बायको म्हणाली, एवढा सराव करून द्या, मी माझी जाईन.

मास्तरांनी तीनदा नेलं. तिन्ही वेळा गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे गेली नाही. तिसऱ्या वेळी बायकोने वाटेतच गाडी कडेला लावली, किल्ली काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि ती चालत घरी गेली. मास्तरांनी घरी येऊन जाहीर केलं की तिच्याने हे व्हायचं नाही. तिने शांतपणे सांगितलं की सोमवारपासून ती समोरच्या शाळेत जाईल. समोरची शाळा म्हणजे रस्त्यापलीकडची, मास्तरांकडेच शिकून गेलेल्या एका बाईने काढलेली. ब्रेकमास्तरांची बायको समोरच्या शाळेच्या गाडीत बसून, टपावर त्या शाळेची पाटी मिरवत, त्यांच्याच दारावरून जाणार! मास्तरांना घास गिळवेना.

आणि त्या तिन्ही वेळा मुलगी मागच्या सीटवर बसलेली होती.

शुक्रवारी तिने कागद त्यांच्यापुढे धरला. मथळा होता, ‘ब्रेक नेमका कोण मारतं?’ खाली लिहिलं होतं की चालवणारी महिला योग्य वेगाने आणि योग्य बाजूने जात होती. रस्त्यावर कोणी आडवं आलं नव्हतं. तरी गाडी पुन्हा पुन्हा थांबली, आणि प्रत्येक वेळी ब्रेक शेजारच्या सीटवरून दाबला गेला. खाली चार ओळी कोऱ्या होत्या.

“तुमची बाजू,” मुलगी म्हणाली. “उद्या दुपारपर्यंत.”

मास्तर पायात चप्पल सरकवून तडक वाचनालयात गेले. आत सामसूम होती, ग्रंथपालबाई मासिकांना शिक्के मारत होत्या. घरच्या भानगडी अशा चव्हाट्यावर याव्यात का, लहान मुलांवर याचे काय संस्कार होतील, वाचनसंस्कृती म्हणतात ती हीच का, असे तीन-चार भारदस्त मुद्दे मास्तरांनी मांडले. बाईंनी ते सगळे ऐकून घेतले.

“बातमी खोटी असेल तर मी आत्ता फाडते, मास्तर. खोटी आहे का?”

मास्तरांनी भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी लक्षपूर्वक वाचली.

“खोटी नाही. पण…”

“त्या ‘पण’च्या पुढचं लिहून द्या. त्यासाठीच जागा सोडायला लावली मी तिला.” आणि त्यांनी पुढचा शिक्का मारला.

घरी येऊन मास्तर लिहायला बसले. ‘रस्ता सुरक्षेचा व्यापक विचार करता’ अशी सुरुवात केली आणि खोडली. ‘प्रशिक्षण क्षेत्रातील दीर्घ अनुभवावरून’ लिहिलं, तेही खोडलं. दीर्घ अनुभव एवढाच सांगत होता की गाडी सुरू झाली की पाय ब्रेक शोधतो. आजही शोधतो, आणि कोणीही चालवत असलं तरी शोधतो. हा माणूस आयुष्यभर गावाला न घाबरता चालवा म्हणून शिकवत आला, आणि स्वतः देवाचं नाव घेत शेजारी बसला. एवढं साधं वाक्य लिहायला आपल्याला चार ओळी पुरणार नाहीत की एकच जास्त होईल, याचा त्यांना अंदाज येईना. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“अगं, मला भीती वाटते.”

“माझ्या चालवण्याची?”

“सगळ्यांच्याच. त्यांच्याकडून फी घेतो म्हणून त्यांना सांगत नाही.”

ती आधी हसली. हसता हसता हातातला शर्ट खाली पडला, आणि तो उचलताना तिचं हसू जरा बदललं. दात काढून घ्यायला येणारे धिप्पाड पुरुषही दारापर्यंत वेगळंच काहीतरी कारण सांगत येतात, असं ती म्हणाली. मग तिने एवढंच सांगितलं की उद्या वाचनालयापर्यंत गाडी ती नेणार आहे. त्यांनी शेजारी बसायचं, पण पाय खाली सोडायचे नाहीत. त्यांना ते जमलं तर समोरच्या शाळेत जायचं कारण उरणार नाही. नाही जमलं तर सोमवार आहेच.

शनिवारी दुपारी गावाने जे पाहिलं त्याची बातमी मुलीच्या हातून निसटली, कारण ती पाहण्यातच गुंग होती. पांढऱ्या गाडीत पुढच्या सीटवर ब्रेकमास्तर मांडी घालून बसले होते. गुडघे एका बाजूला दाराला आणि दुसऱ्या बाजूला गिअरला टेकत होते, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी आपल्याच पायांचे अंगठे धरून मांडी आवळली होती. लांबून पाहणाऱ्याला हे गृहस्थ ध्यानाला बसलेत असं वाटलं असतं. बायकोने दुसरा गिअर टाकला, मग तिसरा. तिसरा गिअर पडल्यावर मास्तरांनी डोळे मिटले. चौकात डावीकडून मालट्रक आला. मास्तरांच्या तोंडून नुसता हवा गेल्यासारखा आवाज निघाला, पण मांडी सुटली नाही. बायकोने वेग कमी केला, ट्रकला जाऊ दिलं आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, “मोठा श्वास घ्या. झालंच आता.”

“बाबा, तुमची बाजू?” मागून मुलगी म्हणाली. “कागद द्यायचाय.”

मास्तर अंगठे न सोडता म्हणाले, “लिही, भीती वाटते.”

“एवढंच?”

“एवढंच. विशेषण घालू नकोस.”

वाचनालयासमोर गाडी उभी राहिली. फुटपाथपासून जरा लांब आणि किंचित तिरकी. पण उभी केली ती तिने. मास्तरांनी मांडी सोडायचा प्रयत्न केला तर पाय दोन्ही झोपलेले. सासऱ्यांनी पायरीवरून येऊन त्यांना काखेत हात घालून बाहेर काढलं, आणि एवढ्या गोष्टीचा साक्षीदार झाल्याचं समाधान चेहऱ्यावर अजिबात लपवलं नाही. मुलगी कागद घेऊन आत पळाली. थोड्या वेळाने आतून निवृत्त मंडळींचं हसणं ऐकू आलं, आणि मग ते हसणं मधेच थांबलं. चार ओळींच्या जागेत दोनच शब्द होते, आणि त्या वयात ते शब्द वाचायला जरा वेळ लागतो.

बायको उतरली नव्हती. तिने खिडकीतून विचारलं की दवाखान्याच्या नव्या जागेपर्यंत एकदा जाऊन येऊ का.

“बसतो,” म्हणत मास्तर दाराकडे वळले.

“तुम्ही नको,” ती म्हणाली. “मी एकटी.”

सोमवारी, नीट ऊन कलल्यावर, रस्ता मोकळा असताना, अशी बरीच उत्तरं मास्तरांच्या तोंडाशी आली. सासरे त्यांच्याकडे पाहत होते. ते जावयाची कीव करताहेत की स्वतःच्या लेकीची काळजी, हे कळायला मार्ग नव्हता. मास्तरांनी दार लावून घेतलं आणि ते दोन पावलं मागे सरले.

“आरसा बघ,” ते म्हणाले.

तिने बघितला. गाडी एक हिसका देऊन निघाली, मग सरळ झाली. मास्तरांना वाटलं ती वळून पाहील, निदान हात तरी करेल. तिने काही केलं नाही. तिची नजर रस्त्यावर होती आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. बायकोने आपल्याकडे साफ दुर्लक्ष केल्याचा आनंद त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच झाला. ते रस्त्याच्या कडेला मुंग्या आलेल्या पायांवर डुलत उभे राहिले. कोपऱ्यावर गिअर जरा करकरला. पण पडला.