नवव्या दिवशी दोनदा हँग

मिलिंददादाचं नाव आधी घेतो, मग माझा गुन्हा सांगतो. उलट केलं तर नाव घ्यायला तोंड उरणार नाही. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. आईला फोनवर नाही, रूमवरच्या चौघांना नाही, आणि खुद्द मिलिंददादाला तर नाहीच.

जिंतूरकडून इकडे आलो तेव्हा जवळ एक बॅग होती आणि एक खोटं — मी दहावी पास आहे. शाळा खरं तर आठवीतच सुटली. मिलिंददादा पिंपरीचा, आमच्या कंपनीत क्वालिटीला. त्यानंच मला कंपनीजवळच्या निघोज्यात रूम बघून दिली, कॉन्ट्रॅक्टरला सांगून प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर घेतलं, बोटाला पत्रा लागला तेव्हा स्वतःच्या गाडीवर दवाखान्यात नेलं. आणि प्रेसच्या धप-धपवर मी मोबाइलमध्ये गाणी बनवतो हे कळल्यावर हसला नाही. सगळे हसले होते. तो म्हणाला, परत लाव.

कारण त्यालाही तेच वेड. मशीनसारखा ठोका, त्यावर हलगी, वर कॉम्प्युटरचे सूर. जयंतीच्या मिरवणुकीत त्याची एक धून वाजली तेव्हा पोरं थांबून विचारत होती, कुणाची म्हणून. कधीतरी कंपनी सोडून हेच काम करायचं, असं त्याच्या मनात होतं. हे तो फक्त मला बोलला होता. मलाच का? देव जाणे.

तर त्यानं लॅपटॉपमध्ये संगीत बनवायची दोन सॉफ्टवेअर टाकली. एकात डबे होते — डब्यावर टिचकी मारली की ठोका. दुसऱ्यात आडव्या लांब पट्ट्या, एकेका वाद्याची एकेक; तिला ट्रॅक म्हणतात. दोन्ही महिनाभर फुकट. त्याला ओव्हरटाइम, घरी लहान मुलगी. लॅपटॉप माझ्या हातात देत म्हणाला, "भावा, तुझी सेकंड शिफ्ट, सकाळ मोकळी असते. दोन्ही वापरून बघ. तू सांगशील ते मी शिकणार."

डब्यांचं मी उघडलं. मजा आली.

पट्ट्यांचं उघडलं — आणि मधोमध एक पाटी आली. इंग्रजीत दोन ओळी, खाली दोन बटणं. मी पाटीकडे बघतोय, पाटी माझ्याकडे. यातलं एक बटण दाबलं आणि दादाच्या मुलीचे सगळे फोटो उडाले तर? विचारावं कुणाला? रूमवर सगळ्यांना मी दहावी पास. मी लॅपटॉप हळूच मिटला, झोपलेल्या माणसाच्या अंगावर चादर टाकावी तसा. दुसऱ्या दिवशी परत उघडलं. पाटी तिथंच. तिसऱ्या दिवसापासून मी उघडायचंच सोडलं.

आता यापुढचं सांगायला जीभ अडते. पण सांगतो.

आमच्याकडे प्रत्येक मशीनला एक चेकशीट लटकवलेलं असतं. दर तासाला जॉबचं, म्हणजे मशीनमधून निघालेल्या तुकड्याचं माप घ्यायचं आणि आकडा लिहायचा. दर तासाला कोण लिहितं, राव? शिफ्ट संपताना आठही रकाने एकदम भरायचे, दोन वेगवेगळ्या पेनांनी. आणि पाचव्या-सहाव्या रकान्यात मुद्दाम एक आकडा थोडा वाकडा टाकायचा — सगळं सरळ दिसलं की संशय येतो. ही कला मला पहिल्याच महिन्यात आली होती.

मी दादाला सॉफ्टवेअरची चेकशीट करून दिली. तीस दिवस, दोन रकाने, रोजची सही. डब्यांच्या खाली बरोबरच्या खुणा. पट्ट्यांच्या खालीही सुरुवातीला बरोबरच्याच. मग — खरं वाटावं म्हणून — नवव्या दिवशी लिहिलं, "हँग, दोनदा." चौदाव्या दिवशी, "चार ट्रॅकच्या पुढे हँग." चारच का? पाच लिहायला लाज वाटली असेल.

मिलिंददादा अख्ख्या प्लांटच्या खोट्या चेकशीट पकडायचा. शाईचा वास घेऊन सांगायचा, हे आत्ता भरलंय म्हणून. माझी शीट त्यानं दोनदा वाचली, डोळे पुसले आणि म्हणाला, "एवढ्या मनापासून माझ्यासाठी कुणी काही केलं नव्हतं रे." तिचा फोटो काढून मोबाइलात ठेवला. पट्ट्या त्याच दिवशी काढून टाकल्या.

ती बातमी निघोज्यातून कुठं कुठं गेली म्हणून सांगू? कँटीनमध्ये कुणीही गाण्याचं बोललं की दादा मला पुढं करायचा — अंकुशनं महिनाभर ट्रायल घेतलीय. वेल्डिंगचा एक जण म्हणाला, व्हय व्हय, माझंपण चारच्या पुढं हँग झालतं. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. एकदा पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीतला आयटीवाला इंजिनिअर, गणपतीसाठी गाणी जोडायला मला फोन करून विचारत होता, सर कोणतं घेऊ? मला सर! मी शांतपणे सांगितलं, डब्यांचं घ्या. त्यानं घेतलं.

दोन वर्षं हे हसण्यावारी चाललं. मग दादाला एका स्टुडिओतून बोलावणं आलं. कायमचं काम, गाण्यांचंच. त्या दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

तिथं सगळं काम पट्ट्यांवर. मालक बिचारा चांगला. म्हणाला, धून आवडलीय, हे महिनाभरात शिकून घ्या आणि या. आणि आमचा दादा काय म्हणाला असेल? म्हणाला, हे चार ट्रॅकच्या पुढे चालत नाही, आमच्याकडे ट्रायल झालीय. मालकानं चाळीस ट्रॅक चालवून दाखवले. दादानं मोबाइल काढला आणि त्याला माझी शीट दाखवली. नववा दिवस, चौदावा दिवस, सही. मालकानं ते काम दुसऱ्याला दिलं.

माझ्या रूमवर येऊन दादा पोह्यांची प्लेट हातात धरून बसला. बराच वेळ खाल्लं नाही. मग म्हणाला, "त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये रॅम जास्त असेल, भावा. तुझी शीट चुकायची नाही." डोळ्यांनी चाळीस पाहून आलेला माणूस माझ्या चारवर ठाम होता. तेव्हा तोंड उघडायचं होतं. मी विचारलं, लिंबू देऊ का?

दादाचा लॅपटॉप सकाळी अजूनही माझ्याकडे असतो; पुढच्या रविवारी मी त्यावर पट्ट्यांचं परत टाकलं. पाटी आली, तीच. आता मोबाइलचा कॅमेरा धरला की मराठी करून मिळतं, हे मला ठाऊक झालं होतं. धरला. पाटी विचारत होती, रोज सुरू करताना एक उपयोगी सूचना दाखवू का? हो. नाही.

एवढंच. एवढ्याला मी महिनाभर घाबरलो होतो, आणि दादा अजून क्वालिटीला आहे.

मी ते शिकतोय, रोज सकाळी. सूचनेला हो म्हटलंय. सव्वीस ट्रॅकपर्यंत पोचलोय, अजून हँग झालेलं नाही. एक दिवस मिलिंददादाला शेजारी बसवून सगळं शिकवीन आणि तशा एखाद्या स्टुडिओच्या दारापर्यंत स्वतः सोडून येईन. पण आधी सांगेन, मग शिकवीन. मग तो शिकायला बसो, नाहीतर लॅपटॉप घेऊन निघून जावो.