फोटो झाल्यानंतरचा फोटो

ज्योत्स्ना भालेराव लाइटच्या मीटरचं रीडिंग घ्यायच्या कामाला लागली आणि पहिल्याच महिन्यात तिने स्वतःचे एकेचाळीस फोटो काढून ठेवले. तसं काही तिच्या मनात नव्हतं. पण मीटरची काच म्हणजे आरसाच. फोन समोर धरला की आकड्यांच्या जागी तिचं कपाळ, टिकली आणि मागचं आभाळ उमटायचं. एजन्सीच्या सुपरवायझरचा फोन आला.

"मॅडम, युनिट किती पडले ते कळंना, पण तुमी कोणत्या दिवशी कोणती ओढणी घेतली ते समदं कळतंय."

एकेचाळीस घरं पुन्हा पालथी घालावी लागली. नवरा रुपेश ट्रॅक्टरच्या गॅरेजात मिस्त्री. तो हसून हसून लोळला. ज्योत्स्ना मात्र हसली नाही. निरगुडसरची पोर, बारावी झाली, लग्न होऊन जुन्नरला आली आणि दहा वर्षं चूल आणि लेकरं यांतच गेली. आता कुठे गळ्यात ओळखपत्र आलं होतं. लोक दारातून "लाइटवाल्या बाई आल्या" म्हणून हाक मारत होते. ते एका काचेपायी घालवायचं नव्हतं.

जुन्या पेठेत तिच्या फेरीवर एक घर होतं. खाली अर्धं शटर ओढलेलं दुकान, वर 'नूर फोटो स्टुडिओ' अशी रंग उडालेली पाटी. मीटर जिन्याखाली, मिट्ट अंधारात. ज्योत्स्ना वाकली, फोनची टॉर्च लावली. काचेवर पांढरा गोळा उठला, आकडे गायब.

"टॉर्च बंद करा आधी," मागून आवाज आला.

लुंगी, वर स्वेटर आणि हातात चहाची बशी घेतलेला एक म्हातारा उभा होता. "तोंडावर उजेड मारला तर माणूससुद्धा डोळे मिटतो. ते तर मीटर आहे."

त्याने बशी पायरीवर ठेवली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, पाठची पांढरी बाजू बाहेर केली आणि दारात जाऊन उभा राहिला. कॅलेंडर जरा कलतं केलं तसं बाहेरचं ऊन अलगद जिन्याखाली शिरलं. "आता समोर नका उभ्या राहू. थोड्या तिरप्या व्हा. हां, घ्या."

फोटोत एकेक आकडा कोरल्यासारखा आला.

"चाचा, तुमी फोटोग्राफर व्हता?"

"होतो म्हणजे? दुकान बंद झालं, डोळे चालू आहेत. एकात मोतीबिंदू आहे, तेवढं सोडा."

हे गफूर आतार. वडिलांनी काढलेला स्टुडिओ त्यांनी पस्तीस वर्षं चालवला. घरोघरी मोबाइल आले तसं गिऱ्हाईक आटलं आणि एक दिवस त्यांनी शटर ओढलं ते कायमचं. त्या दिवसापासून ज्योत्स्नाने पेठेतली फेरी अशी लावली की आतारांचं घर शेवटी यावं. दर महिन्याला एक प्रश्न घेऊन जायची. उन्हात काय करायचं, पावसात काय करायचं, हात का हलतो. चाचा शिकवायचे आणि त्यांची बायको नजमुन्निसाचाची चहा टाकायच्या. सुपरवायझरचे फोन थांबले. मग एकदा ज्योत्स्नाने विचारलं, "चाचा, तुमी काढलेले फोटो दाखवा की."

चाचांनी एक अल्बम काढला. नवरा खुर्चीवर, बायको खांद्यावर हात ठेवून उभी. मागे रंगवलेला धबधबा. सगळी माणसं गवंड्याने ओळंब्यात धरल्यासारखी ताठ. "छान हायेत," ज्योत्स्ना म्हणाली, पण म्हणायचं म्हणून.

चाचीला ते समजलं. "अहो, हे कसले दाखवता? ते खोक्यातले दाखवा ना."

"ते काय दाखवायचे असतात का?"

"मी पस्तीस वर्षं बघतेय ना!" म्हणत चाचीनेच कपाटावरची खोकी खाली घेतली. फोटोच्या कागदाची रिकामी खोकी, एकूण अकरा. प्रत्येकात बोटभर लांबीचे काळेपांढरे फोटो खच्चून भरलेले.

ज्योत्स्नाने पहिलाच उचलला आणि तिला हसू फुटलं. मुंडावळ्या बांधलेली एक नवरी डोळे मिटून मनसोक्त नाक खाजवत होती. दुसऱ्यात एक हवालदार पट्टा सैल करत होता. एक म्हातारा बोळक्यावर हात धरून हसत होता. दोघे भाऊ, मघाशी अल्बममध्ये शत्रूसारखे उभे असलेले, इथे एकमेकांवर रेलले होते.

"माणूस फोटोला बसला की श्वास धरून बसायचा," चाचा सांगू लागले. "पोट आत, मान वर. मी खटका दाबायचो आणि म्हणायचो, 'झाला.' झाला म्हटलं की माणूस सुटायचा. आणि सुटला की तो जसा आहे तसा दिसायचा. माझा हात आपोआप पुन्हा खटक्यावर जायचा. अब्बा ओरडायचे, रोल काय झाडाला लागतात का? पण सवय ती सवय. दिवसभराचं काम झालं की एवढे छोटे छोटे छापून ठेवायचो."

"आणि कुणाला दाखवले न्हाईत?"

"हिला."

ज्योत्स्ना दोन तास जमिनीवर बसून होती. चहा दोनदा निवला. आपण महिनाभर हजारभर फोटो काढतो, पण बघत काहीच नाही, असं तिला वाटलं. या माणसाने पस्तीस वर्षं नुसतं बघितलं होतं. शहरात एखाद्याने असं काम केलं असतं तर लोक तिकीट काढून गेले असते. आणि हे इथे, पेठेत, कपाटावर पडलेलं.

मग एका फोटोवर तिचा हात थांबला. "चाचा, ही तर आमच्या फेरीतली साधनामावशी! हनुवटीवरचा तीळ बघा."

"नावं नाहीत माझ्याकडे. पावतीबुकं वाळवीने खाल्ली."

"नावं कशाला पायजेत? मी दर महिन्याला सगळ्यांच्या दारात जाते." आणि खरंच, तिला चेहरे सापडायला लागले. कुणाचं नाक, कुणाचे बाहेर आलेले कान. ते कान आता नातवाच्या डोक्याला होते, एवढाच फरक. अंधार पडायच्या आत तिने सव्वीस माणसं वेगळी काढली.

"मी नेऊन देते त्यांना."

चाचांचा चेहरा उतरला. "नको, पोरी. विचारून काढले नव्हते मी. लोक म्हणतील, आतारने चोरून काढले."

चाची कप उचलता उचलता म्हणाल्या, "तेव्हा नाही विचारलं, तर आता विचारा."

चाचा खोक्याच्या झाकणावर बोट फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "आधी दहाच ने."

पुढच्या रविवारी, रीडिंगची पिशवी घरी ठेवून, ज्योत्स्ना निघाली. साधनामावशीने स्वतःचा फोटो बघून अख्खी आळी गोळा केली. मग ती सोमाजींच्या घरी गेली. सोमाजी कचेरीत शिपाई होते, जाऊन आठ वर्षं झाली होती. हा माणूस आयुष्यात कधी हसला नाही, अशी त्यांची पेठभर ख्याती. भिंतीवर हार घातलेल्या फोटोतही ओठ शिवल्यासारखे. सून समृद्धीने दार उघडलं आणि सासूला हाक मारली. म्हातारीने चष्मा लावून फोटो धरला.

"हे आमचे न्हाईत. आमचे कुठं हसायचे?"

"आजी, नीट बघा."

आजीने फोटो खिडकीपाशी नेला. "हेच हायेत. ह्यो बघ पुढचा तुटका दात. त्याची लाज वाटायची, म्हणून तोंड मिटून असायचे." एकाएकी म्हातारीच्या आवाजात पोरपण आलं. "आन हसवलं कुणी म्हाईतीये का? मीच! लग्नाला महिना झाला व्हता. फोटो झाला तसं मी हळूच म्हणले, अवो, सदऱ्याची बटनं वरखाली लागलीत."

सगळे फोटोवर वाकले. बटणं खरोखरच वरखाली होती. समृद्धी म्हणाली, "आत्या, मला वाटायचं मामंजी माझ्यावर रागावलेत. पंधरा वर्षं!" मग सासूसुना दोघी हसत बसल्या. दुपारपर्यंत भिंतीवर दुसरा खिळा ठोकून झाला होता.

ज्योत्स्ना हवेत तरंगतच इंद्रायणीबाईंच्या दारात पोचली. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. फोटोत त्या विशीच्या होत्या. मुलाकडच्यांना पाठवायचा फोटो काढून झाल्यावर दोन्ही तळहातांनी डोळे पुसत होत्या. ज्योत्स्नाला वाटलं होतं, इतका सुंदर फोटो आहे, बाईंना आवडेल.

बाईंनी तो पाहिला. त्याचे चार तुकडे केले. "हा मला नको. आणि हा कुणीकुणी पाहिला?"

ज्योत्स्नाला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. ती तशीच चाचांकडे आली आणि सगळं सांगून टाकलं. चाचा रागावले नाहीत. उठले, आत गेले, पाऊण तासाने बाहेर आले तेव्हा हातात एक लिफाफा होता. "निगेटिव्ह. ही माझ्याकडे राहिली तर फाडून काय उपयोग?" गुडघे धरत ते स्वतः इंद्रायणीबाईंचा जिना चढले. ज्योत्स्ना मागे.

"बाई, न विचारता काढला. चुकलं माझं," ते म्हणाले आणि लिफाफा पुढे केला.

बाईंनी तो घेतला. दाराला हात लावून उभ्या राहिल्या. "त्या दिवशी तुम्ही मला धुतलेला रुमाल आणून दिला होतात," त्या म्हणाल्या. "आणि का रडता, असं विचारलं नाहीत. ते माझ्या लक्षात आहे. बसा, सरबत करते."

तेव्हापासून दोघांनी रीत ठरवली. आधी दारात विचारायचं, फोटो आहे, बघायचा का? हो म्हटलं तरच पाकिटातून काढायचा. नको असेल तर निगेटिव्हसकट परत. नको म्हणणारे तीनच निघाले. बाकीच्यांनी चहा, भुईमुगाच्या शेंगा आणि एका घराने तर कोंबडीचं पिल्लू दिलं. रुपेश म्हणाला, "तू रीडिंगला जाती का भिक्षुकीला?" पण दुसऱ्या रविवारी गाडी काढून तोच बरोबर आला.

खोकी उपसता उपसता जुन्नरबाहेरचे चेहरेही निघाले. एका फोटोत काखेत तान्हं बाळ घेतलेली तरुण बाई कॅमेऱ्याकडे बघून चक्क जीभ दाखवत होती. हा फोटो चाचांचा सगळ्यांत लाडका. ही कोण, ते मात्र कुणालाच सांगता येईना. मग ज्योत्स्नाच्या फेरीतल्या बुद्धभूषण सरांनी तो पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अहो, ही आमची कोंडाआत्या! डिंभ्याला असते. आमच्याकडे आली होती तेव्हा काढला असेल."

डिंभ्याला फोटो टपालाने पाठवायचा नाही, नेऊन द्यायचा, असं चाचींनी जाहीर केलं. स्टुडिओ चालू होता तोवर त्यांना कुठे जायलाच मिळालं नव्हतं. तिघं सकाळच्या एसटीने घोडेगावला आणि तिथून पुढची गाडी कशीबशी पकडून डिंभ्याच्या धरणापाशी उतरले.

"जयभीम, आत्या," ज्योत्स्नाने दारात हाक दिली. कोंडाबाई अंगणात हावरीचे तीळ पाखडत होत्या. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज खणखणीत. ज्योत्स्नाने रीतीप्रमाणे विचारलं, बघायचा का? "आगं दे की! विचारतीस काय?"

फोटो हातात पडला मात्र, कोंडाबाईंनी सूप बाजूला फेकलं. "आगं बया! ही कोन भवानी?" मग चाचांकडे रोखून बघितलं. "तुमीच का वो ते फोटूवालं? दहादा म्हणत व्हता, हलू नका, हलू नका! हिकडं पोरगं अंगावर मुतलं व्हतं माज्या, समदी साडी वली, आन तुमी म्हणताय हलू नका! म्हणून मग दावली जीब!"

चाचा इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. ते पोरगं, हनुमंत, आता दोन लेकरांचा बाप, धरणातली मासेमारी करून जाळं खांद्यावर टाकून येत होता. बापड्याला काय चाललंय ते कळेना. आईने फोटो त्याच्या नाकासमोर धरला आणि त्याच्या दोन्ही पोरांसमोर सगळी हकिगत पुन्हा, मीठमसाला लावून, सांगितली.

मग कोंडाबाईंना आत्ताचा फोटो पाहिजे झाला. आत जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या आणि पाण्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. ज्योत्स्नाने फोन काढला. ऊन कुठून येतंय ते तिने पाहिलं आणि दोन पावलं डावीकडे सरकली.

"थोडं खाली धर," चाचा म्हणाले. "आणि ती होडी..."

"तुमी गप बसा, भाऊ," कोंडाबाई म्हणाल्या. "तुमचं काढून झालंय. आता हिला काढू द्या."

चाचांनी हात जोडले आणि खरंच गप्प बसले. ज्योत्स्नाने घाई केली नाही. वाऱ्याने कोंडाबाईंचा पदर उडाला, त्यांनी तो दातांत धरला आणि नातवाला काहीतरी ओरडून सांगायला वळल्या. तेव्हा तिने फोटो घेतला. चाचांनी फोन डोळ्याजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. "हा मोठा करून छापायचा," एवढंच म्हणाले, आणि चाचीला दाखवायला वळले.

परतीची एसटी आलीच नाही. हनुमंतने एका जीपवाल्याला थांबवलं आणि निघताना जिवंत मरळ माशांची एक टोपली कुणालाही न विचारता आत सरकवली. चाची पुढे बसल्या, चाचा आणि ज्योत्स्ना मागे, टोपली दोघांच्या मध्ये. घोडेगाव येईपर्यंत चाचा पाय वर घेऊन बसले होते. चाची मात्र सारख्या मागे वळून विचारत होत्या, "ज्योत्स्ना, मरळ तुमच्याकडे चिंच घालून करतात की कोकम?"

"आमच्याकडं चिंच, चाची."

"मग आज चिंचच. रुपेशला फोन कर, म्हणावं जेवायला इकडेच ये."